किल्ली माझ्याकडे होती

गेल्या वर्षी प्रायश्चित्तकाळ सरत आला असताना माझी प्रार्थना बंद पडली. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आम्ही ख्रिस्ती माणसं उपास करतो, क्रूसाच्या वाटेची प्रार्थना करतो, मन स्वच्छ करायचा प्रयत्न करतो. मीही लहानपणापासून करत आले आहे. वसईतल्या सांडोरला आमच्या घरामागे केळीची वाडी आहे, तिथे पहाटे जपमाळ घेऊन चालायची माझी जुनी सवय. त्या दिवसांत मणी बोटांतून सरकायचे, ओठ हलायचे आणि आत काहीच नसायचं. देव आहे की नाही, असा माझा प्रश्न नव्हता. तो आहे आणि माझ्याकडे बघतो आहे, याचीच मला भीती वाटत होती.

कारण सांगते. विरार पूर्वेला, चंदनसारच्या पुढे, एका विद्यापीठाच्या आवारात मी अर्थशास्त्र शिकवते. शिकवण्याच्या जोडीला माझ्याकडे समान संधी कक्षाचं काम आहे. जात, धर्म, गरिबी, अपंगत्व, कशामुळेही कुणी मागे पडू नये, हे बघायचं काम. हे काम मला फार आवडायचं. मी शपथा घ्यायला लावल्या, निबंध स्पर्धा घेतल्या, भित्तिपत्रकं लावली. प्रत्येक कार्यक्रमाचा फोटो आणि अहवाल फाईलला लागलाच पाहिजे, याबाबत मी इतकी काटेकोर होते की सहकारी मला चिडवायचे, 'मॅडमना स्वर्गाच्या दारात विचारलं तर त्या फाईलच पुढे करतील.' मी हसायचे. मनातून मला ते बरंही वाटायचं.

दर्शना आमच्याकडे प्रथम वर्षाला आली तेव्हा आम्हाला हर्षच झाला. मिठागरावर काम करणाऱ्या घरातली मुलगी, लहानपणीच्या अपघातानंतर चाकांच्या खुर्चीवर, आणि बारावीला उत्तम गुण. तिच्यासाठी तिच्या वर्गाचे सगळे तास आम्ही तळमजल्यावर घेतले. कार्यक्रम असला की मी तिला पहिल्या रांगेत बसवायचे. पाहुण्यांच्या हस्ते तिला गुलाबाचं फूल द्यायचे. तिच्यासारख्या मुलांसाठी तळमजल्यावर एक वेगळं स्वच्छतागृहही बांधलं होतं. रुंद दार, दोन्ही बाजूंना धरायला दांडे, खालच्या उंचीवर बेसिन. पाहणी समिती आली तेव्हा तिने त्याचं कौतुक केलं आणि फोटो काढले.

समिती गेल्यावर मी शिपायाला सांगितलं, "याला कुलूप लावून ठेवा. मुलं घाण करतात. पुढच्या पाहणीपर्यंत नीट राहायला हवं." घरातली चांगली कपबशी पाहुण्यांसाठी कपाटात ठेवतो, तसं मी ते केलं. शपथेवर सांगते, वाईट हेतू नव्हता. किल्ली दुसऱ्या मजल्यावर माझ्या कक्षात, खिळ्याला टांगली. ज्याला हवी त्याने स्वतः येऊन वहीत सही करून न्यावी, असा नियम केला. इमारतीला लिफ्ट नव्हती. हे दोन्ही मला ठाऊक होतं आणि दोन्ही एकत्र कधी सुचलं नाही. काही महिन्यांनी समतेच्या कार्यक्रमाचे फलक कुठे ठेवायचे हा प्रश्न आला, तेव्हा ते मी त्याच खोलीत ठेवायला लावले.

दर्शना दुसऱ्या वर्षाला होती. मार्चमध्ये ती दिसेनाशी झाली. परीक्षा जवळ आली की मुलं घरी अभ्यास करतात, तसं असेल असं मला वाटलं. मग एके दिवशी तिची आई दोन मजले चढून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. धाप लागली होती. मी बसा म्हटलं तरी बसली नाही. "पोरीचा दाखला द्या," म्हणाली. "आता नाय शिकवायचं."

मी कारण विचारलं. त्या बाईने न रडता, न चिडता सांगितलं. "ती कॉलेजान पानीच पीत नव्हती मॅडम. सकाळी निघतानापासून घरी येईपर्यंत थेंब नाय. दोन वर्सं. घरी आली का दोन तांबे एका दमात प्यायची. आमाला वाटं, उन्हाची आली असंल." लघवी तासन् तास धरून ठेवायची, त्यातून जंतुसंसर्ग झाला, तो वर चढत गेला. ताप अंगावर काढला. आता वसईच्या दवाखान्यात होती आणि एक मूत्रपिंड जवळजवळ निकामी झालं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"पण खाली सोय आहे ना," मी म्हटलं. खरंच म्हटलं मी असं.

"तिथं टालं होतं ना, बाई," ती म्हणाली.

तिच्या खांद्यामागे भिंतीवर खिळा होता आणि खिळ्यावर किल्ली. मी ती बघत राहिले. दाखल्यावर सही करायला माझा हात होईना. दोन दिवस थांबा, एवढंच बोलले. ती गेल्यावर फाईल काढली, आणि शोधावंसुद्धा लागलं नाही. दर्शनाचा अर्ज होता त्यात, वर्षभरापूर्वीचा. मैत्रिणीच्या हाती वर पाठवलेला. सुवाच्य अक्षरात तिने लिहिलं होतं की तळमजल्यावरचं स्वच्छतागृह उघडं ठेवावं, ही विनंती. त्यावर आवक क्रमांक होता, माझी सही होती आणि माझाच शेरा: 'योग्य कार्यवाहीसाठी'. विद्यार्थी कक्षाशी संपर्क साधतात, याचा पुरावा म्हणून मी तो अर्ज लावला होता. वाचला नव्हता.

पुढचे सहा दिवस मी कशी जगले ते सांगता येणार नाही. जेवण जात नव्हतं. पाण्याचा पेला हातात घेतला की ती मुलगी दिसायची. आमच्या देवळात पापनिवेदनाला गेले. जाळीपलीकडच्या फादरना म्हणाले, 'कर्तव्यात कसूर झाली.' त्यांनी शांतपणे विचारलं, "नेमकं काय झालं, सांगता येईल?" मी म्हटलं, 'हलगर्जीपणा.' संडास हा शब्द, कुलूप हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. पापसुद्धा मी अहवालाच्या भाषेत सांगून आले. क्षमा मिळाली, असं फादर म्हणाले. मला ती मिळाली नव्हती, हे मला चालत घरी येतानाच कळलं.

त्यातच ईस्टरच्या आधीचा पवित्र सप्ताह लागला. पवित्र गुरुवारी संध्याकाळी मिस्साच्या उपासनेत फादर बारा जणांचे पाय धुतात, प्रभूने शिष्यांचे धुतले होते म्हणून. त्या वर्षी बारांत माझं नाव होतं. ते आधीच ठरलं होतं, मला नाही म्हणायचंही त्राण नव्हतं. आमच्याकडे ज्यांचे पाय धुतले जाणार ती माणसं घरून साबण लावून, नखं कापून, टाचा घासून येतात. फादरपुढे मळका पाय कोण ठेवणार? त्यामुळे तबकात पडणारं पाणी तसंच निर्मळ राहतं. लहानपणापासून मी ते बघत आले आणि त्यात मला कधी काही वावगं दिसलं नाही.

बुधवारी दुपारी मी दवाखान्यात गेले. गेले म्हणजे वॉर्डच्या बाहेर बाकापर्यंत. आत दर्शना होती, मधलं दार अर्धं उघडं होतं. मी देवाकडे तेव्हा जे मागितलं ते लिहायला लाज वाटते. तिला बरं कर, असं मी मागितलं नाही. मला आत जायला लागू नये, एवढंच मागितलं. ती झोपलेली असावी, नर्सने भेटीची वेळ संपली म्हणावं, काहीही व्हावं.

तेवढ्यात माझ्या बाहीला कुणीतरी हात लावला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी बसलेली होती, उजव्या पायाला घोट्यापर्यंत पट्टी. मी आले तेव्हा ती तिथे होती की नाही, मला आठवत नाही. "बाय," ती म्हणाली, "जरा हात देतेस? लघवीला जायचंय. सून औषध आनायला गेलीय, कोन दिसत नाय."

मी आजूबाजूला बघितलं. नर्स नव्हती, आया नव्हती. मग उठले. तिला काखेत धरून नेलं. तिचं सगळं वजन माझ्यावर आलं. आतल्या फरशीवर पाणी होतं, माझ्या चपलांत गेलं. एका हाताने ती दांडा धरून उभी, दुसऱ्या हाताने माझा खांदा. लुगडं मला वर धरावं लागलं. मी मान फिरवून उभी राहिले, तर ती म्हणाली, "लाजतेस कशाला? मी लाजत नाय, तर तू का?" आणि मग, जरा वेळाने, मोकळं झाल्यावर मोठा श्वास सोडून, "बरी भेटलीस गं. कवाची धरून बसलेली."

त्या शब्दांपाशी माझा बांध फुटला. तिला धरूनच मी रडायला लागले. इतकी साधी गोष्ट होती. एका माणसाला जायचं होतं, दुसऱ्याने हात द्यायचा होता. एवढ्यासाठी मी दोन मजले चढून यायला लावलं होतं, सही मागितली होती. म्हातारीला बाकावर परत बसवलं तेव्हा तिने आपल्या पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "जा आता तुज्या मानसाकडं. वाट बगत असंल."

मी आत गेले. दर्शना जागी होती. फार वाळली होती. आई उशाशी. मी तयार करून नेलेलं सगळं विसरले आणि म्हटलं, "दर्शना, किल्ली माझ्याकडे होती."

"माहीत होतं मॅडम," ती म्हणाली. "अर्ज दिलेला ना मी."

"मग परत का नाही विचारलंस?"

"तुम्ही मला नेहमी पुढे बसवायच्या. फूल द्यायच्या. वाटलं, अजून किती मागायचं."

मी तिचा हात धरला. क्षमा मागितली, ती कशी मागितली ते आठवत नाही. क्षमा केली, असं ती म्हणाली नाही. तिने एकच विचारलं, "कुलूप काढलं का?"

कुलूप काढलं नव्हतं. सहा दिवस मी रडत होते, उपास करत होते, पापनिवेदनाला जाऊन आले होते, आणि कुलूप तसंच होतं. मला ते सुचलंच नव्हतं. तिच्या आईने माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. त्या क्षणी मी जेवढी खाली गेले तेवढी आयुष्यात कधी गेले नाही. बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता. शेजारच्या वॉर्डात विचारलं असतं तर म्हातारीचं नाव कळलं असतं. मी विचारलं नाही. मी देवाकडे पळवाट मागितली होती आणि त्याने मला एका बाईला लघवीला न्यायला पाठवलं. मला यापेक्षा जास्त काही जाणून घ्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी किल्ली घेऊन खाली आले. कुलूप काढून कचऱ्यात टाकलं. फलक एकेक करून बाहेर ओढले. 'सर्वांना समान संधी' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेला सगळ्यात जड होता. शिपाई म्हणाला, "मॅडम, राहू द्या, मी बाई बोलावतो." त्याला म्हटलं, "तुम्ही फक्त बादली आणा." खाली बसून फरशी घासली. भांडं घासलं. दोन वर्षांची धूळ आणि पाली होत्या आत. दुपार उलटली ते कळलं नाही आणि घरी जाऊन पाय धुवायला वेळ उरला नाही. तशीच देवळात गेले.

माझी पाळी आली. मी चप्पल काढली. फादर गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे. पाणी ओतलं, बोटांच्या मधून हात फिरवला, पुन्हा ओतलं. तबकातलं पाणी काळं झालं. बाकांवरची माणसं बघत होती. मला लाज वाटली आणि मी पाय मागे घेतला नाही. कुणीतरी माझी घाण हाताने धुतो आहे आणि मला फक्त बसून राहायचं आहे, हे इतकं कठीण असतं हे मला ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी प्रार्थना परत आली. शब्द नव्हते तिला.

ही गोष्ट गोड करून सांगायची माझी इच्छा नाही. दर्शनाचं ते मूत्रपिंड परत येणार नाही. तिचं वर्षही त्यावेळी हुकलं. सगळ्या जुन्या फाईली मी नंतर वाचून काढल्या, तेव्हा चिंचोटीकडची आणखी एक मुलगी सापडली. तिलाही चालता येत नव्हतं. पहिल्याच सत्रात सोडून गेली. कारणाच्या रकान्यात माझ्या अक्षरात 'वैयक्तिक' लिहिलेलं. तिचा फोन लागत नाही. गावात जाऊन आले तर ती माणसं घर सोडून गेली होती, कुठे ते कुणाला ठाऊक नाही. रोज पहाटे वाडीत चालताना मी तिचं नाव घेते. तिच्यासाठी मला दुसरं काहीच करता येत नाही, आणि हे मला देवाच्या हाती ठेवावं लागतं. ठेवते, पुन्हा उचलते, पुन्हा ठेवते. शरण जाणं एकदाच होऊन संपतं, असं मी पूर्वी समजत होते.

पुढच्या सत्रात दर्शना आली. माझ्यामुळे आली, असं मी म्हणत नाही. तिची आई दाखला न्यायला पुन्हा वर चढली नाही, एवढंच मला माहीत आहे. परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षणाला मीच होते. तिच्या बाकावर पाण्याची बाटली होती. पेपर सुरू होऊन तास झाला असेल, तिने हात वर केला आणि खुर्ची वळवून बाहेर गेली. बोळाच्या टोकाला ते दार उघडल्याचा आणि आतून कडी लागल्याचा आवाज मी उभ्या जागी ऐकला. मनातल्या मनात क्रूसाची खूण केली. थोड्या वेळाने ती परत आली, बाटली उचलली, पोटभर पाणी प्यायली आणि पुढचा प्रश्न लिहायला घेतला.