सुमनबाईंनी रेडिओ घेतला

सुमनबाईंच्या हाती नवी वस्तू दिली, की त्या आधी ती उलटी करत. शाळेला बक्षीस मिळालेलं घड्याळ तपासणीला आलेल्या साहेबांनी कौतुकानं त्यांच्या हातात ठेवलं, तर बाईंनी साहेबांसमोरच ते पालथं घातलं आणि विचारलं, "याचं झाकण कुठून निंगते?"

मेडशीच्या शाळेत आम्ही दोघी शिक्षिका, आणि भाड्याच्या घरात एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहणाऱ्या. पलीकडे त्या आणि त्यांचे वडील. बाबांना ऐकू कमी यायचं, पण बातम्यांचा नाद दांडगा. संध्याकाळी माझा रेडिओ लागला की ते भिंतीला कान लावत, अर्धं ऐकत आणि ओट्यावर जमलेल्यांना पूर्ण करून सांगत. एकदा रेडिओ म्हणाला, "तुरळक सरी." बाबांनी जाहीर केलं, "तुरीवर अळी!" दोघे-तिघे सकाळी खरंच शेतात जाऊन पानं तपासून आले. तरी दुसऱ्या दिवशी ओटा भरलेलाच.

शेवटी सुमनबाई म्हणाल्या, "बाबायले सोताचा रेडिओ घेऊन द्याचा हाये. चला वाशीमले."

दुकानदारानं सगळ्यात चकचकीत रेडिओ पुढे केला. बाईंनी तो उलटा केला.

"झाकण काढा."

"ताई, रेडिओ घ्याचा हाये का ऑपरेशन कराचं हाये?"

"मले त्यातलं काई समजत नाई, म्हनून तं उघडा म्हनून राह्यले."

कपाळाला आठ्या घालून त्यानं पेचकस घेतला. आत तपकिरी प्लेट, तिच्यावर रंगीबेरंगी तुकडे डाग देऊन बसवलेले. बाई एकेकावर बोट ठेवू लागल्या. हे कायले? एखादा तुकडा जळला तं तेवढाच बदलते का सारी प्लेट? आज सेलवर चालते, उद्या घरात लाइट आली तं? एरियल जोडाले जागा हाये का? दुकानदार आधी वैतागला, मग रंगला. आपणहून दुसरे रेडिओ उतरवून उघडू लागला. इतर गिऱ्हाइकंही वाकून बघू लागली. एका साध्याशा रेडिओच्या कडेला बाईंना बारीक भोक दिसलं.

"ते कानात घालाच्या बोंडीचं हाये," दुकानदार म्हणाला. "कोनी मागत नाई."

"मंग हाच द्या."

घरी बोंडी कानात जाताच बाबांचे डोळे मोठे झाले. "एवढं साफ बोलते का हे?"

पण बोंडी घातली की रेडिओचा बाहेरचा आवाज बंद व्हायचा. आता बाबा एकटेच ऐकत आणि अगदी अचूक बातमी सांगत. अचूक बातमीत गंमत कसली? आठवड्याभरात ओटा ओस पडला. एका संध्याकाळी बाबांनीच बोंडी काढून ठेवली. "आता कोनी येत नाई," ते म्हणाले.

सुमनबाई माझ्याकडे आल्या त्या स्वतःवरच चिडलेल्या. "एवढं सारं इचारलं, अन् नेमकं हेच नाई इचारलं!"

रविवारी पुन्हा वाशीम. आम्हाला पाहताच दुकानदारानं पेचकस हाती घेतला. "आता काय राह्यलं, ताई?"

"दोन्ही संगच वाजलं पाह्यजे."

त्यानं डोकं खाजवलं, भोकामागची पट्टी दाखवली. बोंडी शिरली की ती पट्टी बाहेरची वाट तोडते, म्हणाला. मग एक वायर अशी डागली की वाट तुटेचना. बाहेरचा आवाज जरा बसला, पण दोन्ही वाजू लागलं.

त्या संध्याकाळी रेडिओ ओट्यावर आला, बाबांनी बोंडी कानात घातली आणि हळूहळू माणसंही आली. श्रुतिका लागली होती. त्यातल्या जावयानं सासऱ्याचीच म्हैस चोरीची समजून पाटलाकडे जमा केली, आणि अख्खा ओटा हसला. बाबाही हसले. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. ते रोजच हसायचे. पण दारात उभ्या सुमनबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"पाह्यलं का?" त्या कुजबुजल्या. "आजवर लोक हासले का त्याइची तोंडं पाहून हासायचे बाबा. आज कोनाकडंच नाई पाह्यलं."