फुईनं सांगितलेला सिनेमाचा शेवट

महाराष्ट्र राज्य व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. मी आठवीत होते. शाळेच्या कपाटात मला एक पुस्तक सापडलं. कव्हर नव्हतं, पुढची पाचसहा पानं गेलेली, त्यामुळे ते कुणी लिहिलं आणि मराठीत कुणी आणलं, हे मला आजतागायत माहीत नाही. एक शास्त्रज्ञ आपल्या लहान पोरीला घरी सोडून यानात बसून दुसऱ्या एका सूर्याकडे जातो, अशी ती गोष्ट होती. विज्ञानाच्या सरांनी ते माझ्या हातात पाहिलं आणि म्हणाले, "वाच. नाही कळलं तरी वाच."

घरी ऐकायला फुई होती. फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत विधवा होऊन माहेरी परत आलेली, शाळेत कधीच न गेलेली. थंडीच्या दिवसांत आमच्या ओट्यावर वाळलेल्या मिरच्यांचा ढीग असे. दुपारभर ती देठं खुडायची आणि मी समोर बसून वाचायची. मधेच दोघींना शिंका येत. पुस्तकी मराठी तिला परकी वाटे. ती म्हणे, "आपली बोलीमा सांग." मग मी एकेक वाक्य वाचून अहिराणीत सांगत असे. यान कसं असेल, हे मलाही माहीत नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून ते गावातल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या चिमणीसारखं ठरवून टाकलं होतं.

एका पानावर मी अडले. यान इतक्या वेगानं गेलं, की शास्त्रज्ञाची तीन वर्षं झाली आणि इकडे पृथ्वीवर साठ, असं तिथं लिहिलं होतं. मी ते तीनदा वाचलं. डोक्यात शिरेना. फुईला म्हटलं, "फुई, हे काही तरी चुकलंय."

फुईचे हात थांबले. "यामा काय अवघड शे?" ती म्हणाली. "मन्हा धनी बावीस वरीसना व्हता, तवय गया. आते मी पन्नासनी. तो मातर अजून बावीसनाच शे. वाच पुढे."

माझ्या अंगावर काटा आला. तो काटा पुस्तकानं आणला की फुईनं, हे मला सांगता येत नाही. नवऱ्याविषयी एवढं बोलताना मी तिला त्याआधी ऐकलं नव्हतं.

ते पुस्तक आम्ही चार वेळा वाचलं. होळीच्या सुमारास सर घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "हिच्या पुस्तकावरचा इंग्रजी सिनेमा नंदुरबारला आलाय. रविवारी सकाळी एकच खेळ आहे. मी जातोय." मुलीनं सिनेमाला जायचं, तेही इंग्रजी! वडील काही बोलायच्या आत फुई आतून म्हणाली, "मी जास तिन्हासंगे." तिनं त्याआधी एकही सिनेमा पाहिलेला नव्हता.

आम्ही तिघं एसटीनं गेलो. थिएटर म्हणजे पत्र्याचं मोठं शेड. सकाळची वेळ, तरी दारं लावल्यावर आत गुडुप अंधार. पत्र्याला पडलेल्या भोकांतून उन्हाचे बारीक ठिपके आत येत होते. आणि पडद्यावर आकाश उघडलं. काळं. निळ्याचा मागमूस नाही, नुसतं काळं, आणि त्यात तारे. पत्र्यातले ठिपकेही त्यांच्यात मिसळून गेले होते, त्यामुळे आकाश पडद्यावर संपतच नव्हतं, आमच्या डोक्यावरून मागे जात होतं. त्यातून यान निघालं. ते चिमणीसारखं नव्हतंच. तापीतल्या मासळीसारखं रुपेरी, गप्प सरकत होतं. मागे पृथ्वी आधी परातीएवढी, मग लिंबाएवढी, मग दिसेनाशी झाली. फुईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगडी रुतली. "माय वं," ती पुटपुटली, "आपण सगळा त्यामाच शेत."

पुस्तकात ही दोन ओळींची गोष्ट होती. मी ती भरभर वाचून पुढे गेले होते.

इंग्रजी शब्द कुणालाच कळत नव्हते, पण कुणी उठत नव्हतं. यान परत फिरलं, पृथ्वी पुन्हा लिंबाएवढी दिसली, आणि पडदा पांढरा झाला. दिवे लागले. शेडचा मालक पुढे येऊन हात जोडून म्हणाला, "मंडळी, रिळाचा शेवटचा डबा आलाच नाही. सिनेमा इथंच संपला समजा."

एकच गलका झाला. शिट्ट्या, बाकांचे आवाज. तेव्हा आमचे सर उठले. "थांबा! शेवट मला माहीत आहे," असं म्हणून त्यांनी सांगायला सुरुवात केली, पण ते प्रकाशाच्या वेगापासून. दोन वाक्यांत लोक पुन्हा ओरडायला लागले.

फुई उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला. "मास्तर, तुम्ही बठा. मी सांगस."

आणि तिनं सांगितलं. तो बाप यानातून उतरला. तोच सदरा, तेच काळे केस. घर सोडलं तेव्हा त्याची पोर सहा वर्षांची होती, 'बापू, बापू' करत फाटकाला लटकून रडत होती. तो धावत घरी गेला. फाटकाशी एक म्हातारी बसलेली. केस पांढरे, दात पडलेले. त्यानं तिला विचारलं, "आजी, आठे मन्ही पोर ऱ्हास, ती कोठे शे?"

इथं फुई थांबली. शेडमध्ये दोन-तीनशे माणसं असतील, पण मला पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"म्हातारीनी त्यान्हा तोंडवरथीन हात फिरावा," फुई म्हणाली, "आणि बोलनी, बापू, कितला उशीर कया तुम्ही."

कुणी टाळी वाजवली नाही. पुढच्या बाकावरचा एक फेटेवाला गडी डोळे पुसत होता. लोक हळूहळू, लग्नघरातून निघावं तसे नाही, तर देवळातून निघावं तसे बाहेर पडले. मालक दारात उभा होता. तो फुईला वाकून नमस्कार करून म्हणाला, "आक्का, डबा आला असता तर हे राहून गेलं असतं." सर परतीच्या एसटीत खिडकीबाहेर बघत होते. गाव येईपर्यंत ते एवढंच म्हणाले, "मी इतकी वर्षं हे शिकवतोय."

पुढे बी.एड.साठी मी पुण्याला राहिले. तिथं तोच सिनेमा सकाळच्या खेळाला पुन्हा लागला आणि मी तो शेवटच्या डब्यासकट पाहिला. आकाश तसंच होतं, त्या काळोखानं मला पुन्हा तसंच गिळलं. पण शेवट भलताच निघाला. यान उतरतं, बँड वाजतो, हारतुरे होतात आणि एक तरुणी धावत येऊन शास्त्रज्ञाच्या गळ्यात पडते. साठ वर्षं कुठंच नव्हती. मधे जेमतेम एक पावसाळा गेला असेल, इतकाच काळ.

सुट्टीत घरी गेल्यावर मी फुईला सगळं सांगितलं. बँड, हार, तरुणी. ती नीट ऐकत होती.

"आणि पोर?" तिनं विचारलं.

"पोर नाहीच, फुई. सिनेमावाल्यांनी तिला काढूनच टाकलंय."



"मंग तो परत उना कोनासाठे?"