व्हर्लिनने कापलेल्या जाहिराती

व्हर्लिन टोल्लेफसन जन्मभर आमच्या गावच्या धान्याच्या कोठारावर ट्रक वजन करत होता. ट्रक काट्यावर चढला की खिडकीतून मान बाहेर काढायची, आकडा लिहायचा आणि शेतकऱ्याला म्हणायचं, "वाईट नाही." आमच्या मिनेसोटात याहून मोठं कौतुक नसतं. एखाद्याने "फार सुंदर" वगैरे म्हटलं तर आम्हाला वाटतं, याला काहीतरी विकायचं आहे.

मी लुएला, त्याची शेजारीण. त्याची बायको आर्डिस माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिला अर्धांगाचा झटका आला त्या वर्षी तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही बरीचशी गेली. शब्द डोक्यात अगदी जागच्या जागी असायचे, पण ओठांपर्यंत येताना एकेकाला दम लागायचा. वाक्य पुरं व्हायला समोरच्याच्या अंगी सबुरी हवी, आणि ती फार थोड्यांकडे असते.

पण त्यातून एक गंमत झाली. आमच्या गावात कोणी मनातलं तोंडावर बोलत नाही. कुणाच्या घरचा पडदा भयंकर दिसत असला तर आम्ही म्हणतो, "वेगळाच आहे हं." ही आमच्याकडची शिवी. ताटातली शेवटची वडी कोणी उचलत नाही, तिचं अर्धं करतो, मग त्या अर्ध्याचं अर्धं, आणि उरलेला चुरा घरच्या बाईने ताटाबरोबर धुवून टाकायचा. आर्डिसही याच तालमीतली. झटक्यानंतर मात्र तिला शब्द उधळणं परवडेना. गोड आणि गोल बोलायला शब्द फार लागतात हो. मग ती सरळच बोलू लागली.

"लावॉन," ती एकदा म्हणाली, "तुझी हॉटडिश... आतून... कच्ची."

आमची मैत्रीण लावॉन वीस माणसांसाठी बटाट्याची हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये भाजायचा एकाच भांड्यातला पदार्थ, करते आणि आख्खं चर्च ती मुकाट्याने गिळतं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मग ती इतकी हसली की चष्मा कॉफीत पडला. "इतकी वर्षं कच्ची? आणि तुम्ही सगळ्या खात होतात?" आम्ही सगळ्या खिडकीबाहेरचा बर्फ बघायला लागलो.

हे सगळं मंगळवारी चालायचं. आम्हाला आवडणारी गुप्तहेर बाईची मालिका गुरुवारी लागते आणि गुरुवारी आमची चर्चच्या गायनाची तालीम असते. म्हणून व्हर्लिन छपरावरच्या अँटेनावरून ती कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवायचा आणि मंगळवारी दुपारी आम्ही तिघी, म्हणजे मी, लावॉन आणि मार्लिस, त्यांच्याकडे ती बघायला जायचो. आर्डिसला आता घराबाहेर पडता येत नव्हतं. आठवड्यात तिच्या घरात आवाज व्हायचा तो तेवढाच.

व्हर्लिनला मात्र मालिकेच्या मधल्या जाहिराती सहन होत नसत. गाद्यांच्या किंवा पिकअप ट्रकच्या नव्हे, औषधांच्या. आमच्याकडे दर दुसरी जाहिरात औषधाची. पडद्यावर आजी-आजोबा होडीत बसून हसतात आणि मागून एक गोड आवाज सांगतो की या गोळीने रक्तस्राव, पक्षाघात किंवा मृत्यूही येऊ शकतो. पक्षाघात हा शब्द आला की व्हर्लिन खोकायचा. तो शब्द आर्डिसच्या कानावर पडू नये म्हणून दरवेळी खोकायचा, बिचारा. शेवटी त्याने ठरवलं की जाहिराती कापायच्या.

आता तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं. मलाही तसंच वाटलं होतं. पण घरबसल्या जाहिराती कापणाऱ्या म्हाताऱ्यांची जगात एक जातच आहे आणि इंटरनेटवर त्यांचा अड्डा आहे. तिथे ते कुठलं सॉफ्टवेअर चांगलं यावरून असे भांडतात की आमच्या चर्चमध्ये छप्पर बदलण्यावरूनही इतकं भांडण झालं नव्हतं. व्हर्लिन त्या अड्ड्यावर जाऊन बसला. कोण्या ओहायोच्या निवृत्त पोस्टमनचं नाव तो आमच्यात असं घ्यायचा, जणू तो त्याचा सख्खा भाऊच.

पहिलं सॉफ्टवेअर फुकटचं होतं. ते कापायचं, पण मनाला येईल तिथेच कापायचं. चित्रांच्या मालिकेत मधूनमधून एक पक्कं चित्र असतं आणि कात्री तिथेच चालते, असं काहीतरी व्हर्लिनने मला समजावलं. थोडक्यात, दर तुकड्याला जाहिरातीचं शेपूट राहायचं. गुप्तहेर बाई प्रेताजवळ वाकली की होडीतले आजोबा क्षणभर हसून जायचे.

"कसं वाटलं?" व्हर्लिनने विचारलं.

"वेगळंच आहे हं," मार्लिस म्हणाली. व्हर्लिनला जे कळायचं ते कळलं.

दुसरं सॉफ्टवेअर हवं तिथे कापायचं, पण त्यासाठी सगळा भाग नव्याने बांधायचं. कॉम्प्युटर दिवसभर धापा टाकायचा आणि शेवटी चित्र असं पुसट यायचं की सगळे संशयित सारखेच दिसायचे. तिसरं हुशार होतं. जाहिरात कुठे सुरू होते ते आपलं आपणच ओळखायचं. जाहिरातीच्या आधी पडदा क्षणभर काळा होतो, त्यावरून. त्याच्या हुशारीने तर कहरच केला. त्या आठवड्यात खुन्याने अंधाऱ्या तळघरात गुन्हा कबूल केला, आणि सॉफ्टवेअरने तळघराला जाहिरात समजून आख्खी कबुली उडवली. आम्ही खुनी कोण ते न कळताच भाग पाहून उठलो. "छान झाला," म्हणालो, कोट चढवले आणि घरी गेलो. मग लावॉनने मला फोन केला, "अगं, खून केला कुणी?" मी मार्लिसला विचारलं, तिने तिच्या जावेला. सगळ्या गावाला विचारलं, पण व्हर्लिनला विचारायची कोणाची टाप नव्हती. त्याला वाईट वाटलं असतं ना!

पुढच्या मंगळवारी आर्डिसच म्हणाली, "खुनी... कापलास... तू."

चौथं विकतचं होतं. पोस्टमनच्या मते तेच खरं. ते नेमक्या चित्रावर कापायचं आणि बाकीच्याला हातही लावायचं नाही. काही दिवस फुकट वापरून बघता यायचं. व्हर्लिनने ते दिवस असे वापरले, जसा कोणी दुसऱ्याचा ट्रॅक्टर परत करायच्या आधी पुरेपूर वापरून घेतो. एकच जोड पुन्हा पुन्हा बघायचा, डोळे मिटून आवाज ऐकायचा. मग विकत घेतलं. आणि खरं सांगते, शिवण कुठे आहे ते कळायचं नाही. बाई दार उघडायची आणि पलीकडच्या खोलीत शिरायची, मध्ये गादी नाही, होडी नाही, पक्षाघात नाही. व्हर्लिन खुर्चीत मागे रेलून बसायचा. बरेच महिने त्याला इतकं खूश मी पाहिलं नव्हतं.

त्या चोख कात्रीने नेमकं काय झालं, ते आमच्यापैकी कोणाच्या लगेच लक्षात आलं नाही.

मालिका सलग चालू झाली. आम्ही गप्प बसून बघायचो, कारण चालू मालिकेत बोलणं असभ्य. ती संपली की कॉफी, ऱ्हुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या, मग कोणीतरी गुडघ्यांवर थाप मारून म्हणायचं, "चला, निघायला हवं." आणि आमच्याकडे निघणं म्हणजे निघणं नव्हे. कोट चढवायचे, दारात उभं राहायचं आणि मग खऱ्या गप्पांना सुरुवात. आधी जे सगळं जाहिरातींच्या वेळात बोलून व्हायचं, ते आता दारात साचू लागलं. दारात गप्पांचा फड रंगायचा. व्हर्लिनही कोट नसताना थंडीत उभा राहून हसायचा. "किती वेळ रमता तुम्ही हल्ली," तो मला म्हणाला. "जाहिराती गेल्या आणि मजा आली, नाही?"

मी म्हटलं, "हो ना." कारण आमच्याकडे 'हो ना'च म्हणतात.

आर्डिस आतल्या खोलीत खुर्चीवर असायची. दारापर्यंत तिला येता येत नव्हतं. ती आता मंगळवारी बोलायची तर आम्ही आलो की "या" आणि निघालो की "या हं". तिच्या टोमण्यांवाचून मला चुकल्यासारखं व्हायचं, लावॉनलाही व्हायचं, पण आम्हाला वाटलं, थकली असेल. विचारायचं कसं?

मग तो मंगळवार आला. मार्लिसच्या मुलाची, गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरायची झोपडी बर्फ फुटून पाण्यात गेली होती, हीटर आणि खुर्चीसकट, आणि मार्लिस दारात ते साभिनय सांगत होती. लावॉन पोट धरून हसत होती. एवढ्यात आतून टीव्ही असा गरजला की खिडकी थरथरली. कोणी एक माणूस गाद्यांवरच्या सवलतीबद्दल जीव तोडून ओरडत होता. आम्हाला वाटलं, रिमोट पडला असणार. आम्ही कोट आणि बुटांसकट आत धावलो.

रिमोट पडला नव्हता. तो आर्डिसच्या डाव्या हातात होता. तिने रेकॉर्डिंग सोडून थेट चालू चॅनल लावलं होतं. गाल लाल, डोळे ओले, आणि मान ताठ.

"जाहिरात," ती म्हणाली, "लागली आहे."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

"बसा."

आम्ही बसलो. कोट न काढता, बुटांखाली पाण्याची थारोळी होत असताना बसलो. तिने गादीवाल्याचा आवाज कमी केला.

"मार्लिस. झोपडीचं... अर्धंच... ऐकू आलं. भिंतीतून. उरलेलं... सांग."

मार्लिसने खुर्ची पुढे ओढली आणि झोपडी पुन्हा पहिल्यापासून बुडवली. मग आर्डिसने व्हर्लिनकडे पाहिलं. तो दारातच उभा होता, हात लोंबकळत.

"छान... कापतोस तू. पण माझी... वेळ... त्यातच होती."

"अगं, मला वाटलं ती औषधं..." व्हर्लिन म्हणाला. "तो शब्द तू ऐकू नयेस म्हणून मी..."

"माहीत आहे. खोकतोस." ती हसली. "औषधं... काप. गाद्या... ठेव."

पुढचा आठवडाभर व्हर्लिनच्या कॉम्प्युटरच्या खोलीचं दार बंद होतं. तेच विकतचं सॉफ्टवेअर, तीच कात्री. ओहायोच्या पोस्टमनला त्याने विचारलं की जाहिराती परत घालायच्या कशा, तेव्हा म्हणे अड्ड्यावर सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. व्हर्लिनने साठवलेल्या जुन्या रेकॉर्डिंगमधून गाद्या काढल्या, पिकअप ट्रक काढले, डुकरांच्या खाद्याची एक जाहिरात काढली आणि एकाला एक जोडत गेला. औषध एकही नाही.

मंगळवारी गुप्तहेर बाई प्रेताजवळ वाकली आणि गादीवाला आला. मग ट्रक. मग डुकरं. मग पुन्हा गादीवाला. कुठल्याही चॅनलने दिली नसती एवढी लांबलचक सुट्टी होती ती. लावॉनने यावेळी हॉटडिश पुरती शिजवून आणली होती आणि आर्डिस सावकाश बोलत होती.

"हा... लग्नाचं विचारायला... आला. तर बाबा आणि हा... दारात. हवामान. पाऊस... बिटाचं पीक... पुन्हा पाऊस."

"अगं, काय हे," व्हर्लिन म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

"गप्प. मी आत... ऐकते आहे. अंधार पडला. तरी... पाऊस. मग मीच... ओरडले. तू विचारतोस... की मी विचारू?"

तेवढ्यात एवढी लांब सुट्टीही संपली. बाई पडद्यावर परत आली आणि खिशातून काहीतरी काढू लागली. व्हर्लिनने झटकन बटण दाबलं. ती तशीच थांबली, हात खिशात.

"आणि मग?" मार्लिसने विचारलं. उत्तर आम्हा सगळ्यांना चाळीस-पन्नास वर्षं ठाऊक होतं.

आर्डिसने श्वास घेतला. झटक्यानंतर ती पहिल्यांदाच एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगत होती.

"बाबा म्हणाले... पाऊस थांबला वाटतं. आणि घरात... गेले. आणि हा... आत आला."

लावॉन रडत होती आणि हसतही होती. व्हर्लिन रिमोट हातात धरून बायकोकडे बघत होता आणि बटण दाबायचं त्याच्या लक्षात नव्हतं.

"झालं माझं," आर्डिस त्याला म्हणाली. "आता... लाव."