दाजींच्या इंजिनाचा मोकळा दम

१९ एप्रिल १९८९. सोनपेठला आक्काच्या अंगणात आम्ही दोघी बहिणी बाजेवर कुरडया घालत होतो, आणि आक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, चालू जीपच्या बॉनेटला कान लावून डोळे मिटून उभे होते. ही त्यांची रोजची पूजा. कान लावून झाला की निदान ठरलेलं: "नोझल," म्हणजे डिझेल फवारणारी तोटी. इंजिन तापलं तरी नोझल, धूर आला तरी नोझल. एकदा पंक्चर झालं होतं, तेव्हाही त्यांनी आधी बॉनेटच उघडलं.

जीप लिलावातली, मूळची पेट्रोलची. दाजींनी तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतलं आणि त्या दिवसापासून पेट्रोलच्या गाडीवाल्यांशी ते दयेने बोलायला लागले. सोनपेठ ते पाथरी सिटा भरायचे. थांब्यावर इंजिन बंद करायचे नाहीत. "डिझेलला झोपवू नये, उठताना चिडतं," म्हणायचे. आक्काचं शेत बटईने दिलेलं आणि कोरडवाहू. दोन मुलींसकट घर चालायचं ते या जीपवर. ही गोष्ट दाजी सोडून सगळ्यांना ठाऊक होती.

त्यांचा सर्वांत मोठा शोध म्हणजे त्यांनी इंजिनाचा हवेचा फिल्टर काढून टाकला होता. "इंजिनाला मोकळा दम लागतो. तोंडाला फडकं बांधून पळता येतं का माणसाला?"

पाथरीला माझी पिठाची गिरणी आहे, तीही डिझेल इंजिनावर. धूळ आत गेली की इंजिन कसं झिजतं ते मी पाहिलेलं. मी म्हटलं, "दाजी, जीप चालवताना तुम्ही स्वतः नाकाला रुमाल बांधता, तो कशाला?"

"मी इंजिन हाय का?" दाजी म्हणाले. "सुमन, तुला गिरणीतलं कळतं. गाडीतलं न्हाई."

मग जीप निळा धूर सोडायला लागली आणि वंगणाचं तेल वरचेवर घालावं लागायला लागलं. दाजी खूश. "खातंय पितंय, म्हंजे तब्येत चांगली हाय."

माणूस वाईट होता असं मात्र कोणी म्हणू नये. नामांतराच्या बंदमध्ये एसटी उभ्या असायच्या, तेव्हा कोणत्याही वस्तीतला आजारी माणूस ते काही न विचारता परभणीला न्यायचे, आणि वाटभर इंजिनाबद्दल बोलून त्याला आणखी आजारी करायचे.

तर त्या दिवशी कान लावून झाला, दाजींनी बॉनेट उघडलं आणि इंजिन बंद करायची दांडी ओढली. इंजिन बंद होईना. उलट त्याचा आवाज चढत गेला. दाजी हसले. "बघ, काय दम निघायलाय." आवाज आणखी चढला, जीप जागच्या जागी थरथरायला लागली, अंगण धुराने भरलं. दाजींनी दांडी पुन्हा ओढली, ती त्यांच्या हातातच आली. तेव्हा त्यांचं हसू गेलं.

झिजलेलं इंजिन एकदा स्वतःचंच वंगण ओढून जाळायला लागलं की त्याला डिझेलची गरज उरत नाही. ते फुटेपर्यंत पळतं.

"सुमे, फुटलं तर खायचं काय गं आमी?" आक्का ओरडली.

कुरडयांच्या चिकाच्या पातेल्यावर पोळपाट झाकलेला होता. तो उचलून मी हवेच्या नळीच्या उघड्या तोंडावर दोन्ही हातांनी दाबला. आतून अशी ओढ लागली की माझी बोटं सुटतील असं वाटलं. मग इंजिन गुदमरलं, दोन हिसके देऊन थांबलं.

कुरडया काळ्या पडल्या होत्या. दाजी पुढे झाले, पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याने त्यांनी बंद इंजिनाला कान लावला आणि म्हणाले, "नोझल असंल."

आक्का आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर खेकसली. "तुमचं कान धुवून या आधी."

इंजिन वाचलं. पिस्टनला नवीन रिंगा पडल्या, जीप पुढे बरीच वर्षं धावली आणि दोन्ही मुली तिच्या कमाईवरच शिकल्या. दाजी मात्र फार टिकले नाहीत. चार पावलं चालले की बसायचे, आणि दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचे, "दम लागायलाय, पण आवाज चांगला हाय." त्यांना वाचवायला माझ्याकडे कुठला पोळपाट नव्हता. आजही गिरणीचं इंजिन सुरू केलं की मी क्षणभर कान देते. धडधडीखेरीज ऐकू काहीच येत नाही.

इंजिन गुदमरलं त्या दिवशी संध्याकाळी मी काढलेला फिल्टर कुठे आहे ते विचारलं होतं. दाजी आकाशाकडे बघायला लागले. त्याचं, हवेतली धूळ धरणारं तेलाचं भांडं आक्काच्या खुराड्यापुढे निघालं. त्यात कोंबड्या पाणी पीत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते घासून धुतलं, ट्रॅक्टरला बांधलेल्या जीपमध्ये दाजींच्या शेजारी बसले आणि भांडं मांडीवर घेतलं. "कोंबड्यांनी आता कशात प्यायचं?" असं ते वाटभर विचारत होते. परभणीच्या मिस्त्रीच्या हातात देईपर्यंत मी ते खाली ठेवलं नाही.