पोरगी ठेवून जा

भित्रेपणात मला कुणी हरवून दाखवावं. पाल दिसली तरी मी खाटेवर चढते, आणि नोकरी कसली, तर पडेगावकडच्या उपकेंद्रात नर्स. सुई टोचताना लेकरापेक्षा माझाच जीव जास्त धडधडतो, असं आमच्या मदतनीस मावशी सगळ्यांना हसून सांगायच्या. खोटं नव्हतं ते.

वीटभट्टीवर लसीकरणाला जायचे तेव्हा तिथं एक बाई भेटायची. सातवा महिना, पाय सुजलेले, चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, मोठ्या दवाखान्यात चल, तपासून घेऊ. तर म्हणाली, "येते की बाई, पर पोरीला ठेवून यावं लागतंय."

मला वाटलं, घरी कुणाकडं तरी सोपवून यायचं म्हणत असेल. कसलं काय! भट्टीवरचं कुणीही बाहेर पडलं, की त्याचं एक माणूस मुकादमाच्या खोलीत बसवून ठेवायचे. बाजाराला जायचंय? लेकरू ठेव. मयतीला जायचंय? बायको ठेव. परत आलास की घेऊन जा. उचल घेतलेली, म्हणून पाऊस लागून भट्टी बंद होईपर्यंत काम सोडून कुणी हलायचं नाही. तिच्या नवऱ्याला तर मालकानं दुसऱ्या जिल्ह्यातल्या भट्टीवर धाडलेलं. "मला बाळंतपणाला माहेरी जायचंय," ती म्हणाली, "पर पोरगी टाकून कशी जाऊ?" आणि लगेच माझा हात घट्ट धरला. "कुणाला बोलू नगा, बाई."

मी कुणाला बोलले नाही. रात्री झोप मात्र गेली.

थोड्याच दिवसांत आम्हाला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं. वेठबिगारी कशी ओळखायची, माणसं कशी सोडवायची, असा विषय. शहरातल्या औरंगपुऱ्यातलं एक सभागृह, नर्स, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस, सगळी कोंबलेली. शिकवणाऱ्या मॅडम कामगार खात्यातून निवृत्त झालेल्या. पहिल्याच तासाला म्हणाल्या, "बेड्या शोधत बसू नका. माणूस बाहेर पडलं की त्याचं मागं काय अडकवून ठेवतात, ते विचारा."

मुकादमाची खोली डोळ्यांसमोर आली. सुट्टीत मी त्यांना गाठलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "उद्या तपासणीचं निमित्त करा आणि तिला इथंच घेऊन या. नायब तहसीलदार इथं आहेत, महिला पोलीस आहेत. तिच्या तोंडून ऐकू द्या त्यांना, लगेच जीप काढू."

दुसऱ्या दिवशी मी तिला रिक्षातून आणलं. पोरगी नेहमीसारखी मुकादमाच्या खोलीत. शेवटच्या रांगेत, पाण्याच्या पिंपाशेजारी, पदर पुढं ओढून ती बसली. आणि इथंच आमच्या लोकांची रीत आडवी आली. आपल्याकडं सत्काराशिवाय साधी मीटिंग होत नाही. सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. आमचे कारकूनसाहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आजचं जेवण ज्यांच्याकडून आहे, त्यांचा सत्कार आधी घ्या."

दारातून भट्टीचा मालक आत आला.

"अहो, काय केलंत हे!" मी पुटपुटले.

"काय केलं? पाहुण्यांना नुसत्या चहावर बसवायचं का? दिलदार माणूस आहे!" कारकूनसाहेब खूश. बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं.

नारळ मी घाईघाईनं मालकाच्या हातात कोंबला. तो वाकून म्हणाला, "सिस्टर, आमची बाई आज तुमच्यासंगंच गेली ना?"

"व्हय. मोठ्या दवाखान्यात बसवून आले. लई गर्दी आहे."

"मग तुम्ही हितं कशा?"

"हजेरी लावायला," मी म्हटलं. तो हसला आणि खिशातून मोबाईल काढला. "मुकादमाला विचारतो, पोचली का परत."

मी माईक ओढला. "सर्वांना विनंती आहे, कृपया मोबाईल बंद ठेवावेत." सगळं सभागृह त्याच्याकडं बघायला लागलं. ओशाळून त्यानं फोनचा आवाज बंद केला आणि टेबलावर ठेवला.

मागं बघितलं तर ती पिंपाआड सरकलेली. नुसती बोटं दिसत होती. ह्यानं तिला ओळखलं, की एक फोन. पोरीला ट्रकमध्ये घालून दुसऱ्या जिल्ह्यात पाठवायला कितीसा वेळ लागतो? मग ती जन्मात सापडायची नाही. मी मॅडमच्या कानात सांगितलं, हाच तो मालक. त्यांनी मान हलवली. "याला बोलतं ठेवा." एवढंच. आणि नायब तहसीलदार, महिला पोलीस यांना घेऊन त्या मागं गेल्या, पिंपाआडच तिचं म्हणणं ऐकलं आणि मागच्या दारानं जीपकडं निघाल्या.

बोलतं ठेवा! मी परत माईक धरला. "शेठजींनी दोन शब्द बोलावेत, अशी सर्वांची इच्छा आहे."

बोलायला बोलावलं आणि नको म्हणाला असा पाहुणा मी अजून पाहिला नाही. कामगार म्हणजे आपलं कुटुंब, त्यांची लेकरं आपण स्वतः सांभाळतो, असं सगळं तो बोलला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, देवा! तो बसायला लागला की मी पुढं. शेठजी, तुमच्या लहानपणाविषयी सांगा ना. शेठजी, तरुणांना काय संदेश द्याल? वडिलांच्या आठवणीपाशी तो आला आणि टेबलावरचा फोन थरथरायला लागला. पडद्यावर नाव मुकादमाचं! मी सत्काराची शाल उचलली आणि नीट घडी घालायच्या निमित्तानं फोनवर ठेवली. थरथर थांबली, परत सुरू झाली.

"कुणाचा फोन वाजतोय का?" त्यानं थांबून विचारलं.

"माईकच घरघरतोय, शेठजी. तुम्ही बोला."

शेवटी मसालेभाताचा वास आत आला आणि लोक उठायला लागले. तोही शालीकडं वळला. आता मेलेच, असं वाटलं, तेवढ्यात दारातून महिला पोलीस म्हणाल्या, "शेठ, जरा बाहेर या." नारळ हातात घेऊनच तो गेला.

मागोमाग मॅडम, आणि त्यांचं बोट धरून लाल धुळीनं माखलेली पोर. आईनं तिला असं कवटाळलं की मला रडू आवरेना. पण पोरगी मिठीतून सुटली आणि आम्हा सगळ्यांकडं बघायला लागली.

"आये, माझ्या जागी कुणाला बसवलं?"

"कुणालाच नाय गं."

तिला ते पटेना. बाकीच्यांना आणायला जीप परत निघाली होती, आणि भट्टीवरचं एकेक माणूस ओळखणारी मी एकटीच, म्हणून मॅडमनी मला हाक मारली. मी निघाले. पोरीनं माझा पदर ओढला.

"तुम्ही चालल्या व्हय तिथं?"

"व्हय," मी म्हटलं.

ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मग दाराजवळ बसा. पाणी मागू नगा, मारत्यात."