बसतंय, पण पटतंय का?

कुठलाही सुटा भाग हातात आला की आमचे मिस्त्री आधी तो पँटला पुसायचे, मग डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "बसतंय व्हय. पण पटतंय का बघू." जणू पोरीला स्थळ बघायला निघालेत! उद्यमबागेच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं. मराठी बोलता बोलता ते गिअर मात्र कानडीत मोजायचे. ओंदू, येरडू, मूरू, नाकू. का, ते विचारलं तर म्हणायचे, "माझा उस्ताद कानडी हुता. गिअर त्याचंच."

त्यांच्याकडे आमच्या आप्पांची, म्हणजे वडिलांची, जुनी व्हॅन दुरुस्तीला होती. खानापूर भागातली किती वऱ्हाडं आप्पांनी तिच्यातून पोचवली असतील, देव जाणे. तिचा चार गिअरचा बॉक्स अखेर फुटला. आतले दात झिजून गेलेले आणि सुटे भाग कुठेच मिळेनात. दुसरा बॉक्स बसवायचा तर पाच गिअरचाच, हे ठरलं.

खरं सांगू? मला तो मिळायला नकोच होता. आप्पांनी सत्तरी ओलांडलेली, आणि अजून कणकुंबीच्या घाटातून गाडी न्यायची हौस. माझ्या जिवाला घोर. मी मिस्त्रींना बाजूला घेऊन म्हटलं, "बॉक्स मिळत न्हाय म्हणून सांगा की आप्पांना. तुमचं ऐकतील."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "सर, शाळंत पोरास्नी असंच शिकवता व्हय?"

मी असा काही ओशाळलो! शेवटी तेच म्हणाले, "गाडी चालू हुऊ दे एकदा. घाटात मी बसतो आप्पांच्या बाजूला. मग काय ते सांगतो." मी कबूल केलं. त्यांचा शब्द अखेरचा.

आठवड्याभरात भंगारातून दोन बॉक्स आले. पहिला इंजिनाला असा चपखल बसला की बोल्टची भोकंसुद्धा जुळली. दुसऱ्यासाठी गाडीखालची पट्टी कापून नव्याने वेल्डिंग करायचं, मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा लेथवर नेऊन आखूड करायचा. म्हणजे महिन्याभराचं झेंगट. मी म्हटलं, "पहिलाच टाका की!"

"बसतंय व्हय," मिस्त्री म्हणाले. "आप्पांना घेऊन या."

आप्पा आले. मिस्त्रींनी पहिला बॉक्स बाकावर ठेवून त्याला गिअरची दांडी लावली होती. शेजारी स्टूल. आप्पांना डोळे मिटायला सांगून त्यांचा डावा हात दांडीवर ठेवला आणि ओरडले, "ओंदू!"

आप्पांचा हात गेला डावीकडे, वर. चाळीस वर्षं पहिला गिअर तिथंच होता. मिस्त्री मला म्हणाले, "बघा सर. ह्या बॉक्सात तितं रिव्हर्स हाय. चढाला गाडी थांबली, मागं यष्टी हुभी, आन् आप्पांनी पैला म्हणून हे टाकलं. गाडी कुठं जाणार?"

 पण शिक्षकाची खोड जाते का? म्हटलं, "सवय करतील की नवी."

"हात शाळंत जात न्हाय, सर."

मग दुसरा बॉक्स आला बाकावर. ओंदू, येरडू, मूरू, नाकू, सगळे जुन्याच जागी. पाचवा तेवढा उजवीकडे, वेगळा. "ऐदू!" म्हटल्यावर आप्पा थबकले, चाचपले, आणि दांडी खटकन बसली. डोळे न उघडता हसले. मिस्त्रींनी पहिला बॉक्स ढकलून कोपऱ्यात सारला. "ह्यो पटला."

पुढचा महिना ते त्या पट्टीशी आणि दांड्याशी झुंजले. आमच्या गाडीपायी दुसरी गिऱ्हाइकं तोंड वाकडं करून परत गेली, पण ह्यांना त्याचं काही नाही. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. गाडीत बसणाऱ्याच्या हातापायाची काळजी करणारा डॉक्टरच म्हणा ना.

ठरल्याप्रमाणे आम्ही कणकुंबीकडे निघालो. आप्पा स्टिअरिंगवर, मिस्त्री बाजूला, मी मागे जीव मुठीत धरून. जांबोटी ओलांडली, झाडी दाट झाली, वळणं सुरू झाली. एका चढाला पुढचा ट्रक अचानक थांबला. आप्पांनी ब्रेक मारला. मागे बस. मी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली.

आप्पांचा हात डावीकडे वर गेला आणि गाडी लोण्यासारखी पुढे निघाली.

आता तरी मिस्त्री काहीतरी बोलतील म्हणून मी पुढे वाकलो. त्यांची मान खिडकीला टेकली होती. तोंड थोडं उघडं. चक्क घोरत होते.

आप्पांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात मला म्हणाले, "मिस्त्री झोपलाय रं. बोलू नगंस."

मला माझं उत्तर मिळालं. घरी आल्यावर किल्ली मी आप्पांच्याच खिशात राहू दिली.

पुढे मिस्त्री गेले ते आजारपण न काढता, बसल्या जागी. आम्ही मच्छे गावी त्यांच्या घरी गेलो तेव्हा लोक त्यांच्या कसबाचं बोलत होते.  परत निघताना मी मागे बसलो, आप्पा स्टिअरिंगवर बसले, रिकाम्या डाव्या सीटकडे बघत राहिले आणि म्हणाले, "माझ्या गाडीत बिनघोर झोपणारा ह्यो एकच माणूस हुता रं."