एका सुतावर थांबणारा घोडा

माझ्या घोडीची, मैनाची, जीभ कापली ती माझ्यामुळे, हे आधीच सांगून टाकते. नाशिकबाहेरच्या रस्त्यावर मागून ट्रकचा भोंगा वाजला, घोडी उसळली आणि मी घाबरून दोन्ही हातांनी लगाम खेचला. तोंडातल्या लोखंडानं, ज्याला घोडेवाले कडियाळं म्हणतात, जिभेवर खोल घाव केला. डॉक्टरांनी टाके घातले आणि बजावलं, या तोंडात पुन्हा लोखंड नको. तबेल्याच्या मालकांचं म्हणणं, ताब्यात न राहणारी घोडी इथं नको. दोन महिन्यांत बघा, नाहीतर विका. घ्यायला तयार असलेला एकच माणूस होता, वरातीचा घोडेवाला, आणि त्याचं कडियाळं काटेरी. मला झोप लागेना.

इंटरनेटवर बिनकडियाळ्याचे लगाम शोधले. एकात नाकावरून नुसता पट्टा, एकात पट्टे जबड्याखालून एकमेकांना छेदून जातात, आणि एकाला दोन्ही बाजूंनी लांब लोखंडी दांड्या. मला अर्थातच दांड्यांचा आवडला. भित्र्या माणसाला भक्कम वस्तू आवडते. तेवढ्यात अकोल्याहून मामेबहीण संध्याचा फोन आला. "अचलपूरले एक चाचा आहेत, शंकरपटाच्या, म्हंजे शर्यतीच्या बैलाईच्या म्होरक्या करत. घोड्याचंही करतात. मोबाइलमंदी काय पाहून राहिली? ये इकडं."

गेले. हिवाळा होता, कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली ते साल. रेल्वेनं अकोला, जठारपेठेत संध्याकडे मुक्काम आणि सकाळी अकोट-अंजनगावमार्गे अचलपूरला लागूनच असलेल्या परतवाड्याची एसटी. जाणार असाल तर या रस्त्याचं कौतुक ऐकून जाऊ नका. अकोटपर्यंत हाडं खिळखिळी होतात. अकोटच्या स्टँडवर गरम आलूबोंडा खाल्ला, तेव्हा जिवात जीव आला. पुढं शेजारी अंजनगावच्या एक काकू बसल्या. बाहेर उभ्या कपाशीत गुरं सोडलेली दिसत होती. मी विचारलं, पीक असताना गुरं कशी?

"बोंडं किडली, बाई. येचाले मजूर लावाचा काहून?" त्या म्हणाल्या. "आमी तं बैलजोडीच इकून टाकली. गोठा पाहावत नाई आता."

अंजनगाव जवळ आल्यावर उत्तरेला गाविलगडचे डोंगर निळे होत वर आले आणि आम्ही दोघी त्यांच्याकडे पाहत बसलो.

हबीबचाचांचं दुकान जुन्या अचलपुरात, एका दगडी वेशीच्या आत. वय सत्तरीचं, बोटं चामड्याच्या रंगाची. भिंतभर म्होरक्या, म्हणजे जनावराच्या तोंडावर चढवायचे पट्टे, टांगलेल्या, लाल गोंड्यांच्या, कवड्यांच्या. शर्यतींवर बंदी आल्यानं पट बंद, बैल बाजारात, घेणार कोण? मी मैनाचे फोटो दाखवले. चाचांनी जिभेचा फोटो बराच वेळ पाहिला.

"कोनं केलं हे?"

"मी."

"बरं झालं, खरं सांगतलं," ते म्हणाले. मग मी दांड्यांच्या लगामाचं चित्र पुढं केलं. त्यांनी चष्मा काढला. "लोखंड तोंडातून काढलं अन् नाकावर ठेवलं. जनावराले काय फरक पडला?"

मी घरून सुतळीनं नाकाचं माप आणलं होतं, तेही चुकीचं निघालं. "हे तं नाकपुड्याईच्या वरचंच हाय. इथं हाड नाई, नरम हाय. इथं आवळलं तं श्वास कोंडते. पट्टा चार बोटं वर, हाडावर. अन् आत दोन बोटं जाईन इतका ढिला." हे प्रत्येकानं वहीत लिहून ठेवावं, मी ठेवलंय. भोकं जास्त पाडून देतो, म्हणाले, पण लगाम आज देणार नाही. आधी तुमचे हात पाहतो.

गावाबाहेरच्या पडीक रानात त्यांचा पांढरा घोडा होता, बादशा. चाचांनी त्याच्या नाकावर साधी म्होरकी चढवली. पट्ट्याला दोर सरळ न बांधता मध्ये दोन्हीकडे सुताचा एकेक तुकडा गाठवला, वातीला घेतो तसलं कच्चं सूत. आणि लुंगी सावरून हा सत्तरीचा माणूस नुसत्या पाठीवर बसला. बादशा चालला, दुडक्या चालीनं धावला, मग चौखूर उधळला. काळ्या ढेकळांच्या कडेला तो पांढरा घोडा वळला, सरळ माझ्याकडे आला आणि पाच हातांवर जागच्या जागी थांबला. दोन्ही सुतं शाबूत होती. देवळातसुद्धा माझे हात इतके आपोआप जुळलेले मला आठवत नाहीत.

"कसं थांबवलं, चाचा?"

"म्या कुठं थांबवलं? म्या आंग थांबवलं, तो बी थांबला."

माझ्या हातात पहिलं सूत पहिल्याच पावलाला तुटलं. दुसरंही. चाचा नवं बांधत राहिले. उन्हं उतरायला लागली तेव्हा कळलं की भीती वाटली की माझा हात आधी मागं येतो, श्वास नंतर सुटतो. ते उलटं करायला गेले आणि एक अख्खी फेरी सूत न तुटता झाली. बादशा थांबला. मी त्याच्या मानेवर डोकं ठेवून रडले. चाचा म्हणाले, "आता चामडं कापतो."

लगामाचे पैसे बऱ्या बुटांपेक्षा कमीच पडले. दुसऱ्या दिवशी अमरावतीत दही-चटणीचा गिला वडा खाल्ला (चुकवू नका), बडनेऱ्याहून गाडी धरली आणि वाटभर लगाम मांडीवर ठेवला.

घरी आल्यावर आठ दिवस मैनाला नवा पट्टा घालून नुसती शेजारून चालवली, चाचांनी सांगितल्याप्रमाणे. आधी ती तोंडाजवळ हात आला की मान वर फेकायची. ते कमी झालं, पूर्ण गेलं नाही. नवव्या दिवशी बसले. मालक कुंपणाला टेकून उभे. रस्त्यावरून ट्रक गेला, मैनाचे कान ताठले, माझे हात शिवशिवले. मी श्वास सोडला, अंग सैल केलं. ती चार पावलं तिरकी गेली आणि थांबली.

"राहू द्या तिला," मालक म्हणाले आणि आत गेले.

मी तशीच बसून राहिले. मैनानं मान खाली घातली, मी दोर सोडून दिला. तिनं कुंपणाकडचं गवत तोडलं आणि चावू लागली, हळू, कापलेल्या बाजूनंसुद्धा. सहा वर्षांत तिच्या पाठीवर बसून हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. त्या तोंडात घासाला जागाच ठेवली नव्हती मी.